चार ठिसूळ खुंट्या: जुन्या फियाटच्या डिकीवरचा मोनोग्राम उतरवून पुन्हा बसवताना

गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बनलेली. बरीच वर्षं ती रायगडच्या किनारपट्टीवर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. संपूर्ण रंगकाम करायचं ठरलं, तेव्हा काचा, दिवे, हँडल यांच्याबरोबर दोन मोनोग्रामही उतरवायचे होते. एक डिकीच्या झाकणावरचं सलग अक्षरांचं नाव, दुसरं पुढच्या तोंडावरचं लहान चिन्ह. डिकीवरचा मोनोग्राम सुमारे २२० मिलीमीटर लांब, मागे चार खुंट्या, म्हणजे पत्र्याच्या भोकांत जाणारे बारीक दांडे. पुढच्याला दोन खुंट्या.

मोनोग्राम जागेवर ठेवून भोवती टेप लावायची आणि रंग मारायचा, ही पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते. या गाडीवरही पूर्वी एकदा तसंच झालं होतं. टेप काढल्यावर अक्षरांच्या कडेला रंगाची जी उभी कड उरते, तिच्या आत पाणी साचतं. पत्रा नेमका तिथून, भोकाच्या काठापासून गंजायला लागतो आणि नवा रंग दोन पावसाळ्यांत फुगतो. म्हणून मोनोग्राम काढणं भाग होतं. काढताना खुंटी तुटण्याची भीती खरी आहे, पण ती न काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

खुंट्या ठिसूळ का होतात

हे मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूत साच्यात दाबून ओतलेले असतात. या धातूला झामॅक किंवा मझाक म्हणतात. त्यात जस्ताबरोबर सुमारे ४ टक्के अॅल्युमिनिअम आणि किंचित मॅग्नेशिअम असतं. नवा, शुद्ध झामॅक दुबळा नसतो. त्याची ताण सोसण्याची ताकद सुमारे २८० मेगापास्कल, म्हणजे साध्या ओतीव अॅल्युमिनिअमच्या तोडीची किंवा जास्तच. पण ओतताना शिसं, कथील किंवा कॅडमियम शतांश-सहस्रांश टक्क्यांइतकं जरी मिसळलं, तरी दमट उष्ण हवेत धातूच्या कणांमधल्या सीमा आतून कुरतडल्या जातात. बाहेरून खुंटी शाबूत दिसते, आतून ती खारवट बिस्किटासारखी झालेली असते.

मुलाम्याचाही दोष आहे. तांबं, निकेल, क्रोम या क्रमाने चढवलेला मुलामा दर्शनी बाजूवर जाड बसतो, कारण विजेचा प्रवाह उंचवट्यांकडे धावतो. खोलगट मागची बाजू आणि खुंटीचं मूळ जवळजवळ उघडंच राहतं. त्या उघड्या जस्ताला पोलादी पुश नट, म्हणजे खुंटीवर ढकलून बसवलेली दातेरी चकती, घट्ट चावून बसलेला असतो. खारी हवा आणि दमट धूळ मिळाली की दोन धातूंचा विद्युतघट तयार होतो आणि त्यात खर्ची पडतं ते जस्त. म्हणजे वर्षानुवर्षं खुंटी नटासाठी झिजत असते. व्हायला हवं ते नेमकं उलट. नट चार पैशांचा असतो आणि कुठेही मिळतो. खुंटी मोनोग्रामच्याच अंगाची असते आणि जुन्या फियाटचा अस्सल मोनोग्राम शोधायला चोर बाजारापासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत फिरावं लागतं. या कामातला प्रत्येक निर्णय याच एका हिशेबावर घेतला: जोडीत काही बळी द्यायचं झालं, तर ते नवं आणि स्वस्त ते.

आधीची पाहणी

डिकी उघडून आतून आरसा आणि टॉर्च लावून पाहिलं. डावीकडून मोजल्यास पहिल्या दोन खुंट्यांवर पुश नट, दोन्ही गंजलेले, पण सहज हात पोचेल असे. तिसऱ्या खुंटीच्या जागी काहीच नव्हतं, भोकातून एम-सीलसारखी राखाडी लुकण डोकावत होती. म्हणजे ही खुंटी आधीच तुटलेली आणि कोणीतरी मोनोग्राम पत्र्याला चिकटवून वेळ मारून नेलेली. चौथी खुंटी झाकणाच्या आतल्या फासळीमागे, तिथे फक्त तिरप्या भोकातून पोचता येत होतं. पहिल्या आणि चौथ्या खुंटीच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसत होती. ही भुकटी म्हणजे जस्ताचा गंज. ती दिसली की त्या खुंटीचा आतला व्यास बाहेरून मोजलेल्यापेक्षा कमीच धरायचा.

मग बाहेरून काम. मोनोग्रामवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा उमटवली, डिकीच्या खालच्या कडेपासूनचं आणि मधल्या रेषेपासूनचं अंतर त्याच कागदावर लिहिलं. हा कागद पुढे फार कामाला आला. रंगकामाच्या वेळी लांबी (पुट्टी) भरताना भोकं बुजतात, मग ती अंदाजाने पुन्हा पाडली जातात आणि नाव तिरकं बसतं. कागद असला की हा गोंधळ होत नाही.

झाकण टेबलावर

पुश नट काढायला कापावा लागणार हे दिसतच होतं. ते काम झाकण गाडीवर असताना केलं नाही. या गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या भागातच आहे आणि कापणाऱ्या चकतीच्या ठिणग्या डिकीत उडवणं हा वेडेपणा आहे. बिजागऱ्यांभोवती पेन्सिलीने खुणा केल्या, बोल्ट सोडले आणि दोन जणांनी झाकण उचलून घोंगडी पसरलेल्या टेबलावर पालथं ठेवलं. मोनोग्रामच्या खाली जाड फोम ठेवून त्यात अक्षरांच्या आकाराची पोकळी कापली, म्हणजे झाकणाचं वजन अक्षरांवर येऊ नये. पालथ्या झाकणाचा आणखी एक फायदा: गंज सोडवणारं तेल नटाच्या मुळाशी टिकून राहतं, उभ्या झाकणावर ते ओघळून रंगावर जातं.

तेल थेंबाने, सुईच्या टोकाने लावलं. प्रत्येक खुंटीला दोन-तीन थेंब, दिवसातून दोनदा, दोन दिवस. फवारा मारू नये. या गाडीवर जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग होता आणि फवाऱ्यातलं विद्रावक त्याला मऊ करतं. थिनर तर बाटलीसकट दूर ठेवलं होतं, कारण एनसी रंग थिनरमध्ये सरळ विरघळतो. रंग पुन्हा होणारच होता, पण छटेला नमुना म्हणून मोनोग्रामखालचा, उन्हाने न उडालेला जुना रंग हवा होता. खरी मूळ छटा गाडीवर बहुतेक वेळा तिथेच उरलेली असते.

नट कसा कापला

पुश नट म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची छोटी चकती. तिच्या मध्यभागी चिरा पाडून आतल्या कडेला दाते तयार केलेले असतात आणि ते खुंटीच्या टोकाकडे झुकलेले असतात. नट पत्र्याकडे ढकलला की दाते सरकतात. टोकाकडे ओढला की ते खुंटीत रुततात. म्हणूनच पक्कडीने नट वर ओढणं म्हणजे खुंटी मुळातून उपटण्याचा प्रयत्न करणं. पिळून काढणं त्याहून वाईट. ओतीव जस्त दाब भरपूर सोसतं, पण पीळ आणि वाकणं त्याला सोसवत नाही, आणि जुन्या जस्ताला तर मुळीच नाही. छिन्नी-हातोड्याचा विचारही करू नये, कारण एका धक्क्यात पलीकडची निरोगी खुंटीसुद्धा जाते.

पहिल्या दोन नटांवर २२ मिलीमीटर व्यासाची पातळ कापणारी चकती छोट्या फिरत्या हत्याराला लावून वापरली. पत्र्यावर आधी पातळ टिनचा तुकडा सरकवला. नटाच्या बाहेरच्या कडेपासून आत, खुंटीपासून अर्धा मिलीमीटर उरेपर्यंत एक काप घेतला, मग समोरासमोर दुसरा. एका वेळी चकती दोन सेकंदांहून जास्त टेकवली नाही, मध्ये थांबून ओल्या कापडाने गार केलं. जस्त सुमारे १०० अंशांच्या वर मऊ पडायला लागतं आणि नट तापला की ती उष्णता थेट खुंटीत उतरते. उरलेला अर्धा मिलीमीटर नाकपक्कडीने एक अर्ध धरून पत्र्याच्या पातळीतच बाहेर फाकवून तोडला. वर उचलून नव्हे. दोन्ही नट असे दोन-दोन तुकड्यांत निघाले, खुंट्यांवर दात्यांचे व्रण होते पण त्या सरळ उभ्या राहिल्या.

तिसरीवरच्या लुकणीला हात लावायची घाई केली नाही. चौथीवर चकती पोचत नव्हती. तिथे लांब तोंडाचा कटर तिरप्या भोकातून घालून आरशात बघत नट दोन ठिकाणी चिरला.

चौथी खुंटी का तुटली

या प्रकरणातली चूक इथे झाली. चौथ्या नटाचा एक काप आरपार गेलेला आरशात दिसला, दुसरा गेला आहे असं गृहीत धरलं. प्रत्यक्षात त्या बाजूचे दोन दाते खुंटीत रुतलेलेच होते.

झाकण उलटून सरळ केलं. मोनोग्रामच्या कडेचा रंगाचा थर नव्या पात्याने चिरला. हेअर ड्रायरने पत्रा हाताला गरम लागेल इतका, ५० ते ६० अंशांपर्यंत, तापवला. याने जुनं सीलंट मऊ होतं, शिवाय जस्ताचा ठिसूळपणा कोमट असताना कमी असतो. हे काम दुपारी करायचं आणि थंडीतल्या पहाटे टाळायचं, ते याचसाठी. मग ०.३ मिलीमीटरची नायलॉनची गळाची दोरी अक्षरांखाली करवतीसारखी ओढत सीलंट आणि तिसऱ्या जागेची लुकण कापली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. नंतर प्लॅस्टिकच्या पाचरी डाव्या टोकापासून सरकवत नेल्या. डावं टोक सुमारे ३ मिलीमीटर उचललं गेलं, उजवं हललं नाही, आणि चौथी खुंटी बारीक आवाज करून मुळातून गेली.

तुटलेला भाग १० पट भिंगाखाली पाहिला. बाहेरचा व्यास ३ मिलीमीटर, पण बाहेरून सुमारे अर्धा मिलीमीटर जाडीचं कडं काळपट आणि पांढरट, म्हणजे ते आधीच कुजलेलं. ताजी चमक फक्त मधल्या २ मिलीमीटरच्या गाभ्यात. क्षेत्रफळाने पाहिलं तर ७ चौरस मिलीमीटरपैकी ३ उरलेले, म्हणजे निम्म्याहून कमी. वाकण्याची ताकद मात्र व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. दोन तृतीयांशाचा घन काढला की ०.३ येतं. म्हणजे दिसायला अख्खी असलेली खुंटी वाकण्याला फक्त ३० टक्के ताकदीने तोंड देत होती, तीसुद्धा मुळाशी गोलाई नसलेल्या तीक्ष्ण कोपऱ्यात, जिथे ताण आधीच एकवटतो. डावं टोक उचलल्यामुळे अडकलेल्या चौथ्या खुंटीवर ओढ आलीच नाही, आला तो निव्वळ वाकडा जोर. सरळ वर ओढ आली असती तर कदाचित ती टिकली असती.

त्यावरून दोन गोष्टी ठरल्या. पाचर घालण्याआधी प्रत्येक खुंटीचा नट सुटल्याची खात्री डोळ्यांनी नाही, हाताने करायची: बारीक आकड्याने नटाचे तुकडे ओढून बाहेर काढायचे, आणि सगळे तुकडे टेबलावर मोजून जुळल्याशिवाय मोनोग्रामला हात लावायचा नाही. आणि उचलताना एका टोकाकडून नाही, प्रत्येक खुंटीशेजारी एक पाचर ठेवून आळीपाळीने प्रत्येकी अर्धा मिलीमीटर. चार खुंट्या असतील तर चार पाचरी. पाचर कमी असतील तर जुन्या एटीएम कार्डाच्या पट्ट्या चालतात.

पुढचा मोनोग्राम

त्याने फारसा त्रास दिला नाही. तिथे नट नव्हते. पत्र्याच्या भोकात स्प्रिंगची पोकळ नळीसारखी क्लिप आणि समोरून तिच्यात दाबलेली खुंटी, अशी रचना. मागून बांबूची काडी खुंटीच्या टोकावर ठेवून अंगठ्याने, दोन्ही खुंट्यांवर आलटून पालटून, दाब दिला. ओढण्यापेक्षा ढकलणं इथे कामाला येतं, कारण जस्ताला दाब चालतो. एक क्लिप खुंटीबरोबर आली, दुसरी पत्र्यात राहिली, ती मागून पक्कडीने चेचून काढली. दोन्ही फेकल्या.

नव्या खुंट्या

डिकीच्या मोनोग्रामला आता दोन निरोगी म्हणता येतील अशा खुंट्या होत्या, एक आणि दोन. तीन आणि चार नव्याने लावायच्या होत्या. मागच्या पोकळीतली जुनी लुकण काढायला मोनोग्राम ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला. दोन भाग मिसळायची इपॉक्सी लुकण एवढ्या उष्णतेला रबरासारखी होते आणि लाकडी टोकाने खरवडता येते. पाणी उकळतं नको आणि पोलादी टोक नको.

तुटलेला तुकडा परत मुळावर चिकटवणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय आहे, आणि तो टिकत नाही. ३ मिलीमीटरच्या खुंटीला चिकटायला फक्त ७ चौरस मिलीमीटर जागा मिळते. जरा बाजूने धक्का बसला की सांधा सोलला जातो. तिसऱ्या जागी पूर्वी हेच झालं असावं.

तिसऱ्या खुंटीच्या जागी अक्षराच्या मागची पोकळी ६.५ मिलीमीटर रुंद होती. तिथे भोक पाडायची गरजच नव्हती. स्टेनलेस स्टीलचा एम ३ (३ मिलीमीटर जाडीचा) चपट्या डोक्याचा, १२ मिलीमीटर लांब स्क्रू डोकं खाली करून पोकळीत बसवला. डोक्याचा व्यास ५.५ मिलीमीटर, म्हणजे चिकटायला सुमारे २४ चौरस मिलीमीटर जागा, आणि डोक्यावरून वर आलेला इपॉक्सी त्याला वरूनही दाबून धरतो. पोकळीचा तळ आणि स्क्रूचं डोकं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत केलं, अॅसिटोनने पुसलं आणि त्यानंतर बोट लावलं नाही. अॅसिटोन फक्त सुट्या धातूवर, गाडीच्या जवळ नाही.

चौथ्या जागी पोकळी जेमतेम ४ मिलीमीटर. तिथे आटे पाडणं भाग होतं. कॅलिपरने त्या ठिकाणची जाडी ३.४ मिलीमीटर भरली. दर्शनी बाजूला ड्रिल बाहेर आलं तर मोनोग्राम वाया, म्हणून खोली २.२ मिलीमीटर ठरवली आणि ड्रिलवर त्या मापाला टेपची कॉलर बांधली. मोनोग्राम पालथा धरायला शाडूच्या घट्टसर मातीची गादी केली, वर पातळ प्लॅस्टिक, त्यात अक्षरं दाबून बसवली. सगळीकडून आधार मिळतो आणि क्रोमला ओरखडा जात नाही. शिकंज्यात धरण्याचा मोह टाळावा, कारण लांबट अक्षर तिथेच वाकतं.

तुटलेलं मूळ आधी कानशीने सपाट केलं, मध्यावर खूण ठोकली नाही, टोकदार सुईने फिरवून उमटवली. एम २ च्या आट्यांसाठी १.६ मिलीमीटरचं ड्रिल, हातात धरायच्या चकमध्ये, बोटांनी फिरवत, रॉकेलचा थेंब टाकत. जस्त ड्रिलला चिकटतं, त्यामुळे दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून साफ करायचं. एम २ चा आटा ०.४ मिलीमीटरचा. २.२ मिलीमीटर खोलीत जेमतेम पाच आटे बसतात, तेही टॅपचं (भोकात आटे पाडायच्या हत्याराचं) निमुळतं टोक घासून सपाट केलं तरच. साध्या टॅपने दोनच आटे पूर्ण पडले असते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा टॅप चालवला. पितळेचा एम २ दांडा इपॉक्सी लावून तळाला टेकेपर्यंत हलक्या हाताने फिरवला आणि मुळाभोवती इपॉक्सीची गोलाकार कड ठेवली. मूळ खुंटीला जी गोलाई साच्यात दिली गेली नव्हती, ती इथे मिळाली. पितळ आणि जस्त यांचं जमत नाही, पण मुळाशी इपॉक्सीचं वेष्टन असल्यावर तिथे ओल पोचत नाही.

दोन्ही खुंट्या पत्र्याला काटकोनात आणि एकमेकींपासून नेमक्या अंतरावर हव्यात. मोनोग्राम काढल्यावर मोजलेली अंतरं पहिली ते दुसरी ६२, दुसरी ते तिसरी ७१, तिसरी ते चौथी ५८ मिलीमीटर होती. तीच भोकं ६ मिलीमीटर जाड अॅक्रिलिकच्या पट्टीत पाडून ती खुंट्यांवरून उतरवली आणि इपॉक्सी सुकेपर्यंत तशीच ठेवली. पट्टीच्या खालच्या बाजूला मेण फासलेलं होतं, नाहीतर पट्टीच कायमची चिकटली असती. इपॉक्सी अराल्डाइटसारखा संथ सुकणारा घ्यावा, समप्रमाणात मिसळावा आणि २४ तास हलवू नये. पाच मिनिटांत सुकणारा प्रकार उन्हाच्या तापाला लवकर मऊ पडतो. सुकल्यावर प्रत्येक नव्या खुंटीला दोरीने १ किलोचं वजन पाच मिनिटं टांगलं. मोनोग्रामचं स्वतःचं वजन याच्या अंशभरही नाही, पण खुंटी सुटायची असेल तर ती टेबलावर सुटलेली बरी.

पुन्हा मुलामा द्यायचा का

दिला नाही. क्रोमवर बारीक ठिपके होते, दोन ठिकाणी फोडासारखा उंचवटा होता. तरीही मुलामा द्यायचा तर आधी जुना आम्लात उतरवावा लागतो. ते आम्ल कुजलेल्या जस्ताला आधी खातं. मग ठिपके जाईपर्यंत पॉलिश करतात आणि अक्षरांच्या कडा गोल होतात. आणि टाकीत सोडताना कारागीर तार गुंडाळतात ती बहुधा खुंटीलाच. ज्यांना मुलामा द्यायचाच आहे त्यांनी दोन गोष्टी आधी सांगून ठेवाव्यात: तार अक्षराच्या भोकातून किंवा कडेतून बांधावी, आणि नव्या खुंट्या मुलाम्यानंतर लावाव्यात. निकेलची टाकी कोमट ते गरम असते, त्यात इपॉक्सीचा सांधा ढिला पडतो. इथे साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रश एवढ्यावर दर्शनी बाजू स्वच्छ केली, मागच्या पोकळीत आणि जुन्या खुंट्यांच्या मुळाशी पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात दिले.

पत्रा आणि बसवणी

पत्र्यातली भोकं मूळची ४ मिलीमीटरची होती, गंजाने काठ फुगले होते. गंज खरवडून काठाला प्रायमर आणि रंग दिला. रंगकामानंतर भोक नेहमी लहान होतं. प्रायमर, सरफेसर, रंग आणि क्लिअर मिळून काठाच्या दोन्ही बाजूंनी दीड-दोन दशांश मिलीमीटर थर चढतो आणि ४ चं भोक ३.६-३.७ वर येतं. ३ मिलीमीटरची खुंटी त्यातून जाते खरी, पण बाजूला पुरेसा वाव उरत नाही. इथे ड्रिल घालायचं नाही, त्याने रंगाचा टवका उडतो. काडीला पॉलिश पेपर गुंडाळून समोरून आत असं घासलं आणि उघड्या काठाला ब्रशने रंगाचा थेंब लावला. रंग झाल्यावर चार आठवडे थांबलं. ओलसर रंगावर धातू दाबून बसवला की त्याचा ठसा कायमचा राहतो.

वाव का हवा, याचं गणित सोपं आहे. झामॅक दर अंशाला दर मीटरमागे सुमारे २७ मायक्रॉन वाढतो, पोलाद १२. उन्हात उभ्या गाडीचा गडद पत्रा ७० अंशांच्या पुढे जातो, रात्री २५ वर येतो. ५० अंशांच्या फरकात पहिल्या आणि चौथ्या खुंटीमधल्या १९१ मिलीमीटरवर ०.१४ मिलीमीटरचा फरक पडतो. रोज एकदा, वर्षानुवर्षं. चारही खुंट्या ताठ आवळल्या तर ही ओढाताण खुंट्यांच्या मुळाला सोसावी लागते. म्हणून तिसरी, म्हणजे सगळ्यांत दणकट, तेवढी जागच्या जागी पक्की केली. बाकीच्या तिघींना सरकायला जागा ठेवली.

तिसऱ्या एम ३ वर नायलॉनचा वॉशर आणि नायलॉनच्या कड्याचा नट, वॉशर टेकल्यावर फक्त पाव फेरा. चौथ्या एम २ वर मोठा नायलॉन वॉशर आणि नट बोटाने टेकेपर्यंत, पान्हा नाही. पहिल्या आणि दुसऱ्या जुन्या खुंट्यांवर नट अजिबात नाही. त्यांच्यावर ५ मिलीमीटर लांबीची सिलिकॉनची पातळ नळी सरकवली. ती भोकात किंचित दाबली जाते आणि टोक थरथरू देत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मापाला बसते आणि जुळवाजुळव करताना वापरायला उत्तम, पण उन्हात आणि तेलाच्या वासात ती वर्ष-दोन वर्षांत चिकट होते, कायमची ठेवू नये. जुन्या खुंटीवर डाय (दांड्यावर बाहेरून आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे पाडावेत असा सल्ला मिळतो. तो मानू नये. डाय पिळतो, आणि आटे पाडले की गाभा आणखी बारीक होतो.

पाणी आत जाऊ नये म्हणून प्रत्येक खुंटीच्या मुळाभोवती ब्यूटिल टेपची (मऊ, चिकट रबरी पट्टीची) १ मिलीमीटर जाडीची वळी ठेवली. अक्षरांची खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली, आत गेलेलं पाणी तिथून गळून जावं. सगळ्या कडेला सीलंट फासलं असतं तर तेच पाणी आत अडकलं असतं. सीलंट वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन कटाक्षाने टाळावं. सुकताना त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं, ते जस्त आणि पत्रा दोन्ही खातं. न्यूट्रल लिहिलेलं घ्यावं.

पुढच्या मोनोग्रामसाठी नव्या पोकळ क्लिपा घेतल्या. क्लिप नवी आणि कडक, खुंटी जुनी आणि कच्ची, ही जोडी धोक्याची. म्हणून प्रत्येक क्लिपमध्ये खुंटीपेक्षा किंचित बारीक, गुळगुळीत टोकाचा खिळा घालून ती थोडी सैल केली. कसोटी एवढीच: गाडीबाहेर, हातात धरून दोन बोटांच्या जोरावर क्लिप खुंटीवर बसली पाहिजे. तिथे बसली नाही तर पत्र्यात तळहाताने दाबूनही बसणार नाही, मोडेल.

एका पावसाळ्यानंतर झाकणाच्या आतून पुन्हा आरसा फिरवला. तिसऱ्या आणि चौथ्या जागी ओल नव्हती, पहिल्या खुंटीच्या मुळाशी नवी पांढरी भुकटी नव्हती. दुसऱ्या खुंटीवरची सिलिकॉनची नळी भोकातून अर्धी बाहेर सरकली होती, कारण तिथे भोक घासताना जरा मोठं झालं होतं. ती काढून बाहेरच्या व्यासाने एक माप जाड नळी घातली, आणि ट्रेसिंग पेपर डिकीच्या साधनपेटीत गुंडाळून ठेवला.